बर्फाचा रकाना

प्रोग्राम कुठल्याशा थंड मुलखातला.
प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने: पाऊस, बर्फ.
बर्फाचा रिकामा सोडला
तर अडून बसतो, गाळात रुतलेल्या बैलासारखा.
म्हणून मी शून्य भरते.
पौषात शून्य.
वैशाखात, सांगवीच्या पत्र्याखाली
पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना
शून्य.
सहा वर्षांची दोन हजार एकशे एक्क्याण्णव शून्यं
मी या बोटांनी भरली आहेत.

सातपुडा जिथे पाय पसरतो तिथे आमचा पट्टा.
बावीस मीटर उतार, कडेला पत्रा, तळाशी गाळाची टाकी.
चाळीस खिळे ठोकलेत.
दर अमावास्येला पट्टी लावून बघते
डोकं जमिनीच्या किती वर आलं.
खिळा वाढत नसतो.

मॉडेलला सगळं सांगावं लागतं.
मातीचा हळवेपणा किती, उताराची लांबी किती,
कपाशीनं किती जमीन झाकली,
थेंब किती जोरात आपटला.
भेगांचं मात्र ते विचारत नाही.
ज्येष्ठात या काळीत माझा हात कोपरापर्यंत जातो,
आत गार असतं, उंदराच्या बिळासारखा वास येतो,
आणि पहिले चार पाऊस तिथेच गडप होतात,
टाकीत थेंब नाही.
पडद्यावर तेव्हा माती वाहत असते.
मग भाद्रपदात भेगा मिटतात,
एका रात्रीत अनेर चहाच्या रंगाची होते
आणि पडदा म्हणतो: किंचित.

सुपडू आबा पर्जन्यमापक वाचतात.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
मी विचारलं, बर्फ पाहिलाय कधी?
"तोरणमाळले एकदाव.
गवतवर दव गोठी गयथं.
हात लावा, ते पानी."
मी ते कुठे भरू?

आणि मग फाल्गुन.
दादर नुकतीच कापलेली, पट्टा उघडा,
दुपारी आभाळ तांब्याच्या घंगाळासारखं झालं
आणि गारा.
वीस मिनिटं. पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज,
आबा काही सांगत होते, तोंड नुसतं हलताना दिसलं.
थांबल्यावर बांध पांढरा.
एक होला खाली पडलेला, पंख मिटून.
मापकाच्या नरसाळ्यात गारा अडकलेल्या.
आबांनी चुलीवरचं कोमट पाणी मोजून आणलं,
वर ओतलं, वितळू दिलं, मोजलं,
ओतलेलं वजा केलं:
सतरा मिलिमीटर.

"आते हाई कोनता खानाम्हा?"

रात्री आधी बर्फात भरलं.
मॉडेल खूश. त्यानं गारा उतारावर जपून ठेवल्या,
हळूहळू वितळवल्या, पाणी मुरवलं,
माती जागची हलली नाही.
मग पाऊस म्हणून भरलं.
सतरा? पडदा म्हणाला. दोन पाट्या गाळ, फार तर.

टाकीत सकाळी अकरा घमेली निघाली.
सुकवली, चाळली, तोलली, पुन्हा तोलली.
पट्ट्यावर खळगेच खळगे,
बोराएवढे, काही लिंबाएवढे,
जणू कुणी रात्रभर मूठ आपटत बसलं होतं.
सात खिळे उघडे. एक आडवा.

साहेबांचा फोन आला: अपवाद आहे, गाळून टाका.
गाळून टाका, म्हणाले,
मी गाळाच्या टाकीत गुडघाभर उभी असताना.

आबांची वही मागून घेतली, लाल पुठ्ठ्याची.
तारीख, वेळ, मिलिमीटर,
आणि शेवटी तो रुंद रकाना, शेरा,
जो मी सहा वर्षांत कधी भरून घेतला नाही
कारण पडद्यावर त्याला जागा नव्हती.
'वारा खालतून.'
'मेंढरं पट्टावरतून गयी, ठेलारीले सांगं.'
'पानी कमी, पन थेंब मोठला.'
'मुंग्यास्नी अंडा वर आन्या.'

काल फाल्गुन वद्य पंचमी.
'गारा. बांध धवया. एक होला मरना.
ताईना पाय चिखलम्हा.'

बर्फापुढे काल मी शून्य भरलं नाही.
प्रोग्राम अजून तिथेच थांबलाय,
चौकोनात उभी रेघ
मिचमिचतेय.